सूर्याकडं पाठ फिरवलेला खांब

॥ श्री नीलकंठेश्वर प्रसन्न ॥

किल्लारी, सोमवार

चि. सौ. महादेवीस तुझ्या अक्काचा पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे हायत? निरगुडीचा पाला बांधतीस का नुसत्याच नांदेडच्या डॉक्टरच्या गोळ्या खातीस? तुझ्या वरदची सोलर कंपनीतली नोकरी नीट चालू हाय ना? (उगं विचारत न्हाई, पण ते सावकाश.) एरवी माझं पत्र नात करिश्मा लिहून देती, या खेपेला मीच बसलेय. साक्षरतेच्या वर्गात बाईंनी शिकवलं तेवढ्यावर चाललंय, काना-मात्रा राहिला तर तू घालून घे.

बातमी गोड हाय, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला सांगता येत न्हाई. करिश्माला चन्नबसप्पानं लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला घातलं होतं ना, तर एका खोलीत पाच पोरी आन् खिडकी उघडली की समोर भिंत. दिवाळीला आली तेव्हा जेवता जेवता हातातली बांगडी घसरून ताटात पडली. मला म्हणाली, आजी, तिथं पुस्तक उघडलं की अक्षरं दिसत न्हाईत, मी घरीच राहून कंप्युटरवर क्लास करते. तिचा बाप चन्नू म्हणतो, हितं लाईट कुठं राहती? त्याचंही खोटं न्हाई, गावाला लाईट देणारी डीपी महिन्यातून दोनदा जळती. म्हणून सोलरचं मी काढलं, आन् वरदच्या कंपनीचंच घ्यायला लावलं.

चन्नू म्हणाला स्लॅबवर बसवू. मी म्हणलं, माझ्या डोक्यावर एक वीटसुद्धा वाढवायची न्हाई. भूकंपापासून मी पत्र्याखाली झोपते ते काय हौस म्हणून? (पत्रा अंगावर पडला तर माणूस उठून तरी बसतो.) मग अंगणातच खड्डा खांदून लोखंडी खांब रोवला, आन् त्याच्यावर चार प्लेटा. गुरुवारी उदगीरचा व्यंकटी मिस्त्री येऊन बसवून गेला. लई गुणी माणूस, चहा पिला की कप स्वतः विसळतो. खांबाला मोटार हाय, प्लेटांच्या कडेला काचेचे दोन डोळे. सूर्य जिकडं जाईल तिकडं ते तोंड वळवतं. शुक्रवारी दिवसभर मी बाजेवर बसून तेच बघितलं, दुपारची भाकरी करायची राहिली. सांजच्याला शेजारची रुक्मिणबाई आली आन् कमरेवर हात ठेवून म्हणाली, अगं बाई, किती देखणं हाय गं. तिची नजर तुला ठावंच हाय. आपल्या लाल गाईला देखणी म्हणाली होती, ती गाय आठवती ना?

तर शनिवारी खांब वळायचा थांबला. सकाळी उगवतीकडं तोंड, दुपारी उगवतीकडं तोंड, सूर्य पाठीवर गेला तरी उगवतीकडंच. त्यात डीपी जळाली. आन् चन्नूची अट अशी की रविवारी दोन ते पाच-वीसची क्लासची कंप्युटरवरची परीक्षा पोरीनं सोलरवर पुरी केली तर तिनं घरी राहायचं; मधी बंद पडलं तर सोमवारी सकाळच्या जीपनं लातूर. पोरीनं पिशवी भरून दाराशी ठेवली.

रविवारी व्यंकटी परत आला. मोटार खोलली, वायरी तपासल्या, सगळं ठीक, पण खांब हालंना. दोन वाजता पोरगी आत बसली. बॅटरीच्या डब्यावर किती टक्के उरलं तो आकडा येतो, तो साठ होता. तीनला चाळीस. चन्नू उंबऱ्यात बसून मोठ्यानं आकडा वाचायचा, जसं काही आम्हाला दिसतच नव्हतं. मधीच मोबाईल काढून त्यानं नांदेडच्या ऑफिसात तक्रार टाकली, मिस्त्री बिनकामाचा हाय, खांब उपटून न्या म्हणून. व्यंकटी ऐकून मान खाली घालून पाना पुसत राहिला. मीपण म्हणलं, आजकालच्या मिस्त्र्यांचं काय खरं हाय बाबा.

चारला बावीस, साडेचारला तेरा. मी व्यंकटीला विचारलं, ह्याला कळतं तरी कसं सूर्य कुठं हाय ते? तो म्हणाला, “अज्जी, सोपं हाय. ज्या डोळ्यावर ऊन जास्त, तिकडं ते वळतं. एक डोळा झाकला तर त्याला वाटतं तिकडं अंधारच हाय.” मी गपकन प्लेटांकडं बघितलं. (का ते खाली लिहिते.) चन्नूला म्हणलं, मला घेरी येतीया, रुक्मिणबाईकडनं लिंबू आण. व्यंकटीला म्हणलं, तू हापशावर जाऊन तोंड धुऊन ये, कसा दिसतोयस. दोघं गेले तशी मी बाज ओढली आन् वर चढले.

थोड्या वेळानं खांब थरथरला. महादेवी, भूकंपानंतर आपल्या तळपायाला आधी कळतं, डोक्याला मागून. मी म्हणलं, आला. आन् पळायचं सोडून त्याच खांबाला मिठी मारली. खांब कुरकुरत वळला, माझ्यासकट मावळतीकडं. चन्नू लिंबू घेऊन आला तेव्हा आकडा अकरा होता. मग तेरा झाला. मग अठरा. पाच-वीसला पोरगी बाहेर आली, तिनं दाराशी ठेवलेली पिशवी उचलून आत नेली. बापानं आकडा वाचायचं सोडलं आन् डोळे पुसले, ऊन लागलं म्हणाला.

तुझी,
अक्का

ता. क. शुक्रवारी रुक्मिणबाई गेल्यावर मला झोप लागली न्हाई. शनिवारी सकाळी एरंडेल तेलात काजळ कालवून मी त्याला तीट लावली, लेकराच्या गालाला लावतो तशी, एकाच बाजूला. तो गाल नव्हता, मावळतीकडचा डोळा होता. थुंकी लावून पदरानं पुसली तेव्हा निघाली. व्यंकटी बिचारा चन्नूला म्हणाला, नट माझ्याच हातून ढिला राहिला असंल. तर ती तक्रार वरदच्या टेबलावर आली असंल, ती त्यानं फाडावी, आन् व्यंकटीचं नाव खराब होऊ देऊ न्हाई. कारण विचारू न्हाई.

आणखी एक. आता तीट खांबाच्या पायाला लावलीया. तिथं डोळा न्हाई, मी विचारून घेतलं.

आणखी. करिश्मानं माझ्या पदराचा काळा डाग बघितला, मग खांबाकडं बघितलं. लुगडं घेतलं आन् स्वतः धुऊन वाळत घातलं. पोरगी डॉक्टर होईल बघ. रोग ओळखला, पण पेशंटचं नाव कुणाला सांगितलं न्हाई.