कोकीची बांगडी

४ जानेवारी १९५९
पोचलो एकदाचे! यवतमाळहून मारेगावपर्यंत मोटारीने आणि पुढे बैलांच्या दमणीतून. कोकी वाटभर गात होती. आठ वर्षांची पोर, पण तोंडाला क्षणाची उसंत नाही. कॉलेजातले उंटावरचे शहाणे म्हणत होते, की आईवेगळ्या मुलीला उत्खननावर कशाला नेता. रत्नप्रभा गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना आहोत, मी तिला कुणाकडे ठेवणार?

इथल्या बंजारा तांड्याचे नाईक सेवादास यांनी मोहाच्या झाडाखाली तंबू ठोकून ठेवला होता. समोरच्या माळावर हजारो वर्षांपूर्वीच्या दफनांची दगडी वर्तुळं आहेत. एक ठेकेदार हे दगड फोडून रस्त्याला गिट्टी करणार होता. वर्षभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून मी ते थांबवलं. आता तिथे 'संरक्षित' अशी सरकारी पाटी आहे. ती पाहून मला माझाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

११ जानेवारी
तांड्यातल्या सोनीबाई आमचा स्वयंपाक करतात. कोकी दिवसभर त्यांच्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर धरून हिंडते, त्यांच्या गोरबोलीतले शब्द शिकते आणि त्यांना 'याडी' म्हणते, म्हणजे आई. ऐकून बरं वाटलं आणि रत्नप्रभा आठवली.

रविवार म्हणून विद्यार्थी आले होते. त्यांना माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं: वस्तू जागेवर असते तोवर बोलते, हलवली की मुकी होते. म्हणून आधी मोजा, चित्र काढा, लिहा, मगच उचला. मागून कोकीने हातात छडी घेऊन माझी हुबेहूब नक्कल केली. पोरं खो खो हसली. वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ आहे.

१९ जानेवारी
मोठ्या वर्तुळात एका मुलीचं दफन मिळालं. मुलगी म्हणतो ते गळ्यातल्या शिंपल्याच्या माळेवरून. दातांवरून वय कोकीएवढंच असावं. असं अखंड दफन या भागात कुणी पाहिलेलं नाही. आनंदाने जेवण गेलं नाही.

सोनीबाईंनी खड्ड्यात पाहिलं आणि ओढणी पुढे ओढली. तांड्यात लग्न न झालेल्यांना जाळत नाहीत, माती देतात, आणि अशा लेकराची जागा रिकामी करत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मी समजावलं, की मी हिला गिट्टीवाल्यापासून वाचवतो आहे.

"गिट्टीवाला दगड नेत होता, साहेब," त्या म्हणाल्या. "तुम्ही तं लेकरू नेऊन राह्यले."

मी हसून वेळ मारून नेली.

२७ जानेवारी
दफनाच्या पेट्या नागपूरच्या संग्रहालयाकडे रवाना झाल्या. आज चर बुजवला. बुजवण्यापूर्वी तळाशी आपल्या काळातली एखादी वस्तू ठेवायची आमच्या धंद्यातली रीत आहे, म्हणजे पुढे कुणी खणलं तर इथे आधी हात लागलाय हे त्याला कळतं. बहुतेक जण नाणं टाकतात. मी खिसा चाचपत होतो, तेवढ्यात कोकीने हातातली हिरवी बांगडी काढून दिली. रत्नप्रभाने शेवटच्या संक्रांतीला भरलेल्यांतली ती एकच उरली होती. म्हणाली, आपण तिची माळ घेतली ना, मग तिला काहीतरी द्यायला नको का?

माझे डोळे भरून आले. मी स्वतः खाली उतरून, ती मुलगी होती त्याच जागी बांगडी ठेवली. सोनीबाई बाजाराला गेल्या होत्या.

२ फेब्रुवारी
वेणी घालताना सोनीबाईंना कोकीचा रिकामा हात दिसला. कोकीने सगळं सांगितलं. बाईंनी अर्धी वेणी तशीच सोडली. लेकराला माती देताना त्याची एक वस्तू सोबत ठेवतात म्हणे. वस्तू आधी गेली, तर लेकरू मागून जातं.

मी म्हटलं, सोनीबाई, अहो, काच आहे ती.

कोकी आज गायली नाही. पडसं असेल.

५ फेब्रुवारी
कोकी बोलत नाही. काल दुपारपासून एक शब्द नाही. मारेगावच्या डॉक्टरांनी घसा पाहिला. काही दोष नाही म्हणाले.

भर उन्हात ती बुजवलेल्या चरावर कान टेकून पडलेली सापडली. तिथे तिचे ओठ हलत होते. उचलून तंबूत आणली की पुन्हा दगड. केस दोनदा धुतले, तरी त्यांना खोल मातीचा वास येतो. त्या थराचा. तो वास मी ओळखतो.

८ फेब्रुवारी
नागपूरला तार केली, दफन परत पाठवा. उत्तर आलं: नोंद झालेली वस्तू परत देता येत नाही. बरोबर आहे. हा नियम मीच शिकवतो.

कोकी किती हलकी झाली आहे. उचलली की हातात नुसतं परकराचं कापड लागतं — तिच्या दातांकडे पाहवत नाही. मला त्यांवरून वय सांगता येतं. नको —

१० फेब्रुवारी
सोनीबाई हात जोडून म्हणाल्या, "पोरगी परत नाही येत तं बांगडी तरी काढा. आजच काढा."

मजूर पाटीपाशी थांबले. सेवादासही पुढे यायला तयार नाहीत. मीच खणतो आहे. माझीच भरलेली माती — इतकी घट्ट कशी?

रत्नप्रभा, मी तिला जपतो असं तुला म्हणालो होतो.

११ फेब्रुवारी, सकाळ
खड्ड्यात बसूनच लिहितो आहे. सवय.

तळ लागला. मी ब्रशने झाडून रिकामा केलेला तळ. तिथे माती उंचावली आहे, लहान मुलगी कुशीवर निजावी तशी.

सोनीबाई वरून हाक मारताहेत — कोकी खाटेवर नाही. आत्ता होती, म्हणतात. आत्ता पाणी पाजलं.

ब्रश फिरवतो आहे. हिरवी काच. बांगडी फुटलेली नाही. बांगडीत मनगट — उबदार. माझ्या कोकीचं —

बोलली. देवा, सात दिवसांनी बोलली. मातीतून, अगदी स्वच्छ, छडी घेऊन बोलायची तशी —

"हलवू नका, बाबा. हलवली की मुकी होते."

ती गाते आहे. सोनीबाई वर रडताहेत, दोर सोडताहेत, उचला म्हणताहेत. हात मनगटाखाली घातला की गाणं थांबतं. काढला की पुन्हा —

उचललं तर ती कधीच — आणि नाही उचललं तर माझी कोकी इथेच —

बाळा, थांब, मी आधी मोजून