शिकारीच्या आदल्या दिवशी

टॅमरॅक तळ, मोंटाना
७ सप्टेंबर १९९९

ती. व्हर्लिनदादास ओर्फाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, ग्लेन बरा आहे. म्हणजे जुलैत झटका आला तेव्हापेक्षा बरा. डावा हात अजून ऐकत नाही, पायऱ्या चढवत नाहीत, पण जिभेला काही झालेलं नाही, त्यामुळे दिवसभर माझ्या चुका काढतो. कालची कामगार दिनाची सुट्टी संपली तसं तळावरचं दुकान बंद झालं, आणि इथला एकुलता एक फोन दुकानाच्या आत. तेव्हा आता टपालच. ग्लेन खूश आहे. चौतीस वर्षं पोस्टमनकी केलेला माणूस! म्हणतो, फोनवर माणूस तोंडाला येईल ते बोलतो, पत्रात निदान तिकीट चिकटवेपर्यंत तरी विचार करतो.

आता रडगाणं ऐक. ट्रकमागे ओढायच्या आमच्या घर-गाडीची ती सरकती खोली, बटण दाबलं की भिंतीसकट बाहेर जाते ती, अडकली. गेल्या आठवड्यात आत घ्यायला बटण दाबलं, मोटर किंचाळली, खोली चार बोटं सरकली आणि तिरकी होऊन बसली. आता ना आत ना बाहेर. अशी बाहेर लोंबकळणारी खोली घेऊन गाडी रस्त्यावर नेता येत नाही. कंपनीला फोनवर कळवलं. ते म्हणतात हमीचं वर्ष एप्रिलमध्येच संपलं, तरीही बघू, पण गाडी विक्रेत्याकडे आणा. अहो, आणता आली असती तर तुम्हाला कशाला कळवलं असतं!

पंधरा ऑक्टोबरला तळ बंद होतो. त्या दिवशी पाणी तोडतात, वीज तोडतात आणि फाटकाला कुलूप लावतात. घर तर आम्ही विकून बसलो. तूच म्हणाला होतास ना, आमच्याच कारखान्याची घे, घरच्यांना सवलत मिळते आणि वर माझा हात फिरलेला असेल? मग आता सांग, काय करू?

ॲडावहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवायला इथे जागा नाही.

तुझी ओर्फा


नॅपनी, इंडियाना
१२ सप्टेंबर

चि. सौ. ओर्फास व्हर्लिनदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून ॲडाने डोळ्यांना पदर नाही म्हणून ॲप्रन लावला, आणि मी हसलो. अगं वेडे, सत्तावीस वर्षं मी या गाड्या बांधतोय. अडकलेली खोली म्हणजे लहान मुलाला सर्दी. ग्लेनने नक्की चुकीचं बटण दाबलं असणार.

लोक आमच्या गाड्यांना नावं ठेवतात, ते मला नवीन नाही. आमची मजुरी नगावर. दिवसाच्या नऊ गाड्या बाहेर पडल्या की मोकळे. दुपारी एकला मी तळ्यावर गळ टाकून बसलेला असतो, हे तुला ठाऊक आहे. घाईत एखादा स्क्रू इकडेतिकडे होतो, त्याने घर पडत नाही.

तू एवढंच कर. बटणाला पुन्हा हात लावू नकोस, मोटर जळेल. छतावर ताडपत्री टाक. आणि दाराजवळच्या पत्र्यावर गाडीचा नंबर असतो, तो मला कळव. मी भांडारातून लागेल तो भाग काढून पाठवतो. तू काही कमी नाहीस. लहानपणी बाबांची अंड्यांची खोकी माझ्याआधी तूच भरून संपवायचीस, आणि फुटलेली माझ्या खोक्यात सरकवायचीस. मला सगळं आठवतं!

ग्लेनला म्हणावं, पाय हलवत राहा. तुझ्यावरची माया आहे तिथेच आहे.

तुझा दादा
(आणि खाली खोक्यांवरची माझी नेहमीची खूण, कोंबडीचा पाय, नाहीतर पत्र माझं नाही म्हणशील.)


टॅमरॅक तळ
१७ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

एकसष्ट वर्षांचा घोडा झालास तरी खाली कोंबडीचा पाय काढतोस! मी पण माझं अंडं काढू का, ठिपक्यासकट? ग्लेन म्हणाला, नॅपनीत नाताळच्या कार्डांचा गठ्ठा आला की पत्ता न वाचता त्या पायावरून तुझं कार्ड वेगळं काढायचा.

नंबर घे. शेवटचे आकडे ४१८, महिना नोव्हेंबर ९७.

काल गाडीखाली सरपटत गेले. पंचावन्नाव्या वर्षी! खोलीच्या चौकटीखाली गाडीच्या लाकडी जमिनीला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. दुधात बुडवलेल्या पावासारखं झालंय लाकूड. खोलीखालची छोटी चाकं त्यात रुतली म्हणून ती तिरकी. पाणी कुठून येतं ते कळत नाही, पण वरच्या उजव्या कोपऱ्यापासून भिंत ओली आहे.

ग्लेनचा कोच त्याच खोलीत आहे, कारण पुढच्या पलंगाला तीन पायऱ्या. म्हणजे तो आता उतारावर झोपतो. म्हणतो, होडीत झोपल्यासारखं वाटतं. समजा खोली आत ढकलता आलीच, तर संडासाची वाट बंद होते. अशी गाडी बांधणाऱ्याला कधी घाईची लागतच नसेल.

तळाचा राखणदार मार्व चांगला माणूस आहे. तो म्हणतो, करवत आणतो, खोली कापून टाकू. गावातल्या लॉजला सगळीकडे जिने. आमचं जुनं घर नव्या लोकांनी पिवळं रंगवलंय म्हणे. दादा, मी रोज सकाळी उठून या चार भिंती मोजते. लवकर लिही.

वाट बघणारी
ओर्फा


टॅमरॅक तळ
२८ सप्टेंबर

ती. दादास न. वि. वि.

अकरा दिवस झाले. टपालगाडी येते, ग्लेन खिडकीतून बघतो, मी फाटकापर्यंत जाऊन हात हलवत परत येते. तू आजारी आहेस का? ॲडावहिनी तरी दोन ओळी लिहू शकते.

सोमवारी ग्लेन उतारावरून घसरून कोच आणि टेबलाच्या मध्ये पडला. मला उचलवेना. त्याला तसाच जमिनीवर ठेवून मी मार्वला शोधत तळभर पळाले. परत आले तर हा पडल्या पडल्या मला सांगतोय की टेबलाखालचा स्क्रू ढिला आहे. मी बाहेर जाऊन रडले.

पहाटे बादलीतल्या पाण्यावर साय धरल्यासारखा बर्फ असतो. सतरा दिवस उरले. तुला जमत नसेल तर तसं लिही, मी मार्वला करवत आणायला सांगते.

ओर्फा


नॅपनी
२९ सप्टेंबर

चि. सौ. ओर्फास आशीर्वाद.

उशीर झाला. सोबत खोकं आहे. त्यात चिकट पट्टीची दोन वेटोळी, फटी बुजवायच्या सीलंटच्या चार नळ्या, लांब स्क्रू, मोटर सोडून हाताने खोली ओढायचा दांडा, आणि जमिनीचे प्लायवुडचे दोन तुकडे. तुकडे मी घरी कापलेत. मापं घेत बसू नकोस, बसतील.

आधी वरचं पाणी थांबव, जमिनीला नंतर हात लाव. शिडी लावून उजव्या वरच्या कोपऱ्यातली पत्र्याची पट्टी काढ. तिला सात स्क्रू आहेत. डावीकडचे चार घट्ट निघतील. उजवीकडचे तीन हातानेच निघतील, ते लाकडाला लागलेले नाहीत, नुसते पत्र्यात आहेत. पट्टीखाली डावीकडे हातभर सीलंट असेल, पुढे काही नसेल. लाकूड हीटर लावून दोन दिवस सुकव, घाई करू नकोस. मग पूर्ण लांबीला चिकट पट्टी लाव, सातही स्क्रू दोन बोटं खाली घे, वरून सीलंट.

जमिनीसाठी मार्वला दोन जॅक मागून घे. खोली बाहेरून उचलून धरा, सडलेलं कापा, नवं बसवा. जॅकवर आहे तोवर खाली कुणी जायचं नाही. ग्लेनला आधी बाहेर खुर्चीवर बसव, पांघरूण घालून.

मीच यायला हवं होतं. यायला तोंड नव्हतं, म्हणजे रजा नव्हती.

व्हर्लिन


टॅमरॅक तळ
६ ऑक्टोबर

व्हर्लिनदादास,

खोकं मिळालं. आज शिडी लावली. ग्लेन खाली खुर्चीत, डोक्यावर माझी लोकरी टोपी, मांडीवर स्क्रूंचा डबा. चार स्क्रू घट्ट होते. तीन हातात आले. सीलंट हातभर होतं, पुढे नव्हतं. सतराशे मैलांवरून माझी भिंत तुला आरपार दिसते, हे तुझं पत्र वाचतानाच खटकलं होतं.

पट्टीखालचं लाकूड पुसलं. निळ्या खडूने काढलेला कोंबडीचा पाय. तुझ्या या पत्राखाली तू तो काढला नव्हतास. इथे सापडला.

मी शिडीवरच उभी राहिले. खाली ग्लेन विचारत होता काय झालं, मी म्हटलं काही नाही, गारठलेय. त्याला मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्याला वाटतं त्याचा मेहुणा म्हणजे हाताचा देव. दीड वर्ष तो प्रत्येक तळावर लोकांना सांगत फिरलाय, आमची गाडी घरच्या माणसाने बांधलीय.

तुला माहीत होतं. सत्तावीस वर्षं तू जे बांधलंस त्यात लोक झोपतात, व्हर्लिन. नऊ दिवस उरलेत. जमीन मी करीन. आज लोभाबिभाचं काही लिहवत नाही.

ओर्फा


नॅपनी
५ ऑक्टोबर

चि. ओर्फा,

तुझं अठ्ठावीसचं पत्र आज आलं. ग्लेन पडला ते वाचून मी ताटावरून उठलो. मागच्या पत्रात लिहिलं नाही ते आता लिहितो. तू शिडीवर चढली असशील तर तुला कळलंच असेल.

मिशिगनमध्ये हरणाच्या शिकारीची बंदी पंधरा नोव्हेंबरला उठते. आदल्या दिवशी आमच्यातलं अर्धं शेड दुपारच्या आत निघतं. सत्त्याण्णवच्या त्या शुक्रवारी नऊच्या ठिकाणी तेरा गाड्या काढल्या आम्ही, तेही अकराच्या ठोक्याला. ४१८ शेवटची. अर्ध्यात नळी संपली. दुसरी आणायची तर भांडार शेडच्या दुसऱ्या टोकाला. बाहेर पोरं ट्रकचा भोंगा वाजवत होती. म्हटलं, पुढचा माणूस बघेल. पुढच्याने म्हटलं असेल, मागच्याने बघितलंय. पट्टी ठोकली, खूण केली आणि पळालो. खूण करायला मात्र विसरलो नाही बघ!

तू गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गाडी घेतलीस, तेव्हा पत्र्यावरचा महिना मी वाचला होता. नंबर वाचायची हिंमत झाली नाही. हजारात एक, आपलीच कशाला असेल, असं म्हणत राहिलो. तुझा नंबर आला तेव्हा घरच्या वहीत पाहिलं. मग आठवडाभर रोज पत्र लिहायचो आणि शेगडीत घालायचो.

हरीण मिळालं होतं. त्याचं सॉसेज आपण महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्याकडे खाल्लं.

काल मुकादमाला म्हटलं, त्या दिवशीच्या बाकीच्या बारा गाड्या कुणी घेतल्या ते दे, पत्रं टाकतो. तो म्हणाला, नाताळात निवृत्त होतोयस ना, मग गप घरी जा. ओर्फा, त्या बारांत कोण झोपतंय मला माहीत नाही. रोज सकाळी त्याच शेडमध्ये जातो, त्याच जागी उभा राहतो, मागून पुढची गाडी येतच असते. हात थांबवला की पाठीमागची पोरं ओरडतात.

तू काहीही लिही, मी वाचीन. पण लिही.

तुझा दादा


शेरिडन, वायोमिंग
१६ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

आम्ही सुटलो. तुझं पाच तारखेचं पत्र नवव्या दिवशी, आपल्या पत्रांची वाटेत टक्कर झाल्यावर मिळालं.

प्लायवुडचे तुकडे फटीत पोस्टकार्ड सरकवावं तसे बसले. मार्व जॅकवर, मी गुडघ्यांवर. दांडा फिरवायला लागले तेव्हा खोली म्हातारीसारखी कुरकुरली, एकदा थांबली, आणि मग सुतासारखी सरळ आत आली. मार्वने टोपी उडवली. काल सकाळी बर्फ भुरभुरत होता, मार्व हातात कुलूप घेऊन फाटकाशी उभा, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ट्रकमागे तेवढी मोठी गाडी ओढत बाहेर काढली. ग्लेन शेजारी बसून सांगत होता, डावीकडे घे, उजवीकडे घे. मी कुठेच घेतलं नाही, सरळ गेले.

बाबांचा नियम आठवतो? फुटकं निघालं की खोक्यावरची खूण बघून ते हाक मारायचे. आणि ज्याने खोकं पुन्हा भरलं त्याने आपली खूण आधीच्या खुणेखाली काढायची, म्हणजे पुढची हाक त्याला. पट्टी परत ठोकण्याआधी मी तुझ्या पायाखाली माझं अंडं काढलं, ठिपक्यासकट. आता कधी गळली तर बाबा मला विचारतील.

राग गेला असं समजू नकोस. तो बराच आहे, येताना घेऊन येतेय. त्या बारा गाड्यांचं मात्र सोडू नकोस. मुकादम देत नसेल तर विक्रेत्यांना लिही, मी आले की दोघं मिळून लिहू. वहिनीला सांग, दार उघडं ठेव. जुना लोभ आहेच, बाकीचं बसून बोलू.

तुझी ओर्फा

ता. क. व्हर्लिन, हे मी ग्लेन लिहितोय, ओर्फा पेट्रोल भरायला उतरलीय. तिला वाटतं मला माहीत नाही. तुझ्या पहिल्या पत्राखाली कोंबडीचा पाय होता, खोक्यातल्या पत्राखाली नव्हता, पत्र्यावरचा महिना नोव्हेंबर, आणि न मोजता कापलेलं लाकूड चपखल बसलं. पोस्टमनला एवढं पुरतं. ते सॉसेज मी तीनदा वाढून घेतलं होतं. यंदा पंधरा नोव्हेंबरला शिकारीला जाऊ नकोस. आम्ही हळूहळू येतोय, तोवर तुझ्या अंगणात गाडी लागेल. ती लावली की खोली बाहेर काढायचं बटण तू दाबायचंस. मी आत कोचावर बसलेला असेन.