खुराड्याचं शहाणं दार

१४ एप्रिल
तांबडी गेली! रानमांजराने नेली. खुराड्यासमोर चार पिसं आणि सताड उघडं दार.

तिन्हीसांजेला दार लावायचं माझ्याकडे असतं, काल राहून गेलं. राहणारच! परदेशी जाणाऱ्या गणपतींची घाई, कारखान्यात दिवसभर मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची मी, भाकऱ्या थापायच्या मी, आणि कोंबड्यांचा वॉचमनही मीच. नवरा सुशील रोह्याला कंपनीत, सासूबाईंचे गुडघे धरलेले.

रात्री जेवताना सुशील म्हणतो, "रोहिणी, मी आपोआप लागणारं दार बनवतो." बनवा! याच माणसाने मागे मिक्सर दुरुस्त केला होता. फिरतो अजून. उलटा.

१७ एप्रिल
रामवाडीच्या भंगारवाल्याकडून टेम्पोच्या वायपरची मोटर आली. बाइकची जुनी बॅटरी आली. कारखान्याच्या पत्र्यावर सोलर चढलं. आणि एक सेन्सर – वाटाण्याएवढा. काळोख पडला की तो मोटरला सांगणार, मोटर दोरी सोडणार, पत्र्याचं दार खाली येणार. उजाडलं की परत वर. एवढा सगळा संसार कशासाठी, तर एका कडीसाठी! कडी लावायला दोन बोटं पुरतात.

सासूबाईंना मात्र लेकाचं कोण कौतुक. "करू दे गो. दारू तर पीत नाय ना, दार करतोय."

२० एप्रिल
उद्घाटन झालं. नारळ फोडला! खुराड्याला!

काळोख पडला, कोंबड्या आत जाऊन झोपल्या, आणि दार आपलं वरच. आमचे इंजिनीयर कधी मोटरला थोपटतायत, कधी बॅटरीला. शेवटी कारखान्यात माझ्या हाताखाली शिकणारी पूजाच हसत म्हणाली, "दादा, हॅलोजन!" कारखान्याचा हॅलोजन थेट सेन्सरवर. त्याला वाटलं दुपारच आहे. आमच्या हमरापुरात गणपतींच्या सीझनला रात्र होत नाही हे लहान पोर सांगेल, आणि हा इथेच जन्मलेला!

दार मी हाताने लावलं. दोन बोटांनी.

२१ एप्रिल
सेन्सर मागच्या अंगाला, ओढ्याकडे तोंड करून लावला. दार लागलं. "लागलं! लागलं!" करून असा ओरडला की शेजारची धोंडुबाई कोणाला काय लागलं म्हणून धावत आली.

२४ एप्रिल
सकाळी दार उघडेना. आतून कोंबड्यांचा नुसता कालवा. कारण सापडलं – सोलरवर सोनेरी थर! आम्ही मुकुटांना सोनेरी रंगाचा फवारा मारतो, तो खिडकीतून उडतो आणि वर जाऊन बसतो. अख्खं सोलर सोन्याचं झालं, आणि बॅटरी उपाशी.

थिनर घेऊन वर चढला, पुसत बसला. कंपनीत याला प्रमोशन का मिळत नाही ते मला आज कळलं.

२७ एप्रिल
आता नवीन थेर. दार लागतं, पण उशिरा!

मी रोज ओट्यावरून बघते. चांगला काळोख पडतो, खुराडं दिसेनासं होतं, तरी मोटरचा आवाज नाही. मी आपली कान लावून उभी. मग कधीतरी सावकाश घर्रर्र. तोवर रानमांजर जेवून हात धुऊन जाईल!

सांगितलं, तर म्हणे "उजेड असतो गं अजून." म्हटलं, तुमच्या सेन्सरला मोतीबिंदू झालाय.

२८ एप्रिल
कारखान्यातून घरात येताना एका मूर्तीला धडकले. सोंड गेली. रंगवून झालेली मूर्ती, डोळे आखून झालेली! पूजाला चांगलीच झाडली – येण्याजाण्याच्या वाटेत मूर्ती ठेवतं का कोणी? तर तोंड वर करून म्हणते, "ताई, ती रांग रोज तिथंच असते." या पोरीने आखलेले गणपती तिरळे बघतात, आणि मला सांगते काय कुठे असतं ते.

आखणी म्हणजे खेळ नव्हे. रंग, शेडिंग कोणीही शिकतं. पण दोन्ही डोळ्यांनी एकाच भक्ताकडे बघायला हवं, ते हमरापुरात माझ्याइतकं कोणाला जमत नाही. हे मी नाही, व्यापारी म्हणतात. बरं, मीही म्हणते.

३० एप्रिल
तीन दिवस कटकट केली तेव्हा त्याने सेन्सरच्या कार्डावरचा स्क्रू फिरवला. आता कसं! खुराडं जरा अंधुक झालं की घर्रर्र. शेवटी बाईमाणसाचंच ऐकावं लागतं, पण आधी अक्कल पाजळल्याशिवाय चैन पडत नाही.

२ मे
काळी गेली.

माझ्या आईने दिलेली काळी. मागे पिल्लं होती तिच्या. दार लवकर लागलं आणि सगळ्या कोंबड्या बाहेरच राहिल्या! बाकीच्या आंब्यावर चढल्या म्हणून वाचल्या. काळी पिल्लांना सोडून कशी चढेल? सकाळी साच्यांच्या ढिगाखाली दोनच पिल्लं सापडली, ओरडून ओरडून घसा बसलेली.

मी सुशीलला नको नको ते बोलले. मांजराने नाही, तुमच्या दाराने खाल्ली म्हणाले. तो हळूच म्हणाला, "तूच सांगितलंस ना लवकर कर." मी सांगितलं काळोखात लावा! कोंबड्या अंगणात फिरत असताना लावा असं मी सांगेन? तो डबा न घेताच शिफ्टला गेला. जाताना स्क्रू परत फिरवून गेला.

खूप रडले. कोंबडीसाठी रडतेय म्हणून सासूबाई बघत होत्या. बघू देत.

४ मे
पुन्हा तेच! काळोख गुडुप्प, दार वर! ते यंत्र उपटून ओढ्यात टाकते आणि पहिल्यासारखी कडी बसवते. काळी तर गेली, उरलेल्यांना याच्या प्रयोगासाठी सोडायची का? उद्या सासूबाईंना ओट्यावर बसवते, साक्षीला. लेकाची करामत बघू दे त्यांनाही.

५ मे
बसवलं त्यांना. गोधडी घेऊन बसल्या. काळोख पडला तशी मी म्हटलं, "बघा आई! काळोख झाला, लागलं का दार?"

"काळोख कुठं हाय गो? कोंबड्या चरतात समोर."

मला वाटलं लेकाची बाजू घेतायत. "कुठे चरतायत?"

"ती काय, उकिरड्यावं. तुला दिसत नाय?" मग म्हणाल्या, "मी सुई ओवतेय गो."

मी त्यांचा हात चाचपला. सुईत दोरा होता. सत्तर वर्षांच्या म्हातारीने त्या उजेडात ओवलेला. मला सुई दिसत नव्हती, समोरचं खुराडंही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने घर्रर्र वाजलं आणि त्या म्हणाल्या, "हां, आता झाला."

हॅलोजनखाली सगळं लख्ख दिसतं. म्हणून मला कळलंच नाही. सुशील शिफ्टवरून आला की सांगायचंय – तुमचं दार पहिल्यापासून बरोबर आहे. काळोख मला आधी होतो.