गुणाकाळी नावाचं धान

४ नोव्हेंबर १९५७, सोमवार

कवितेचं एकही नाही! दोन पेट्या तळापर्यंत उपसल्या — एकही नाही!

मालगुजारी गेली, जमीनदारी संपली, तशी मालगुजारांच्या घरातली पुस्तकंही निघाली. गावच्या नव्या वाचनालयानं ती घेतली आणि शिवायला नूर मोहम्मदच्या दुकानात टाकली. नूर माझाच विद्यार्थी. माझ्या पाटीवर अक्षर गिरवलेला, आता अख्ख्या सिंदेवाहीत एकटा पुस्तकं बांधणारा जिल्दसाज. मला वाटलं, एवढं मोठं घर, दहा-वीस तरी कवितेची असतील. निघालं काय? मधमाशा. साबण. माणसाचे दात. टसरचे किडे. विहिरीला पाणी कुठे लागतं.

"गुरुजी, सारी कामाची किताबं आहेत," नूर सुई ओवत म्हणाला. "गाना एकातबी नाई."

शाळेतल्या कवितांवर आयुष्य काढलेल्या माणसाला ही चेष्टाच.

६ नोव्हेंबर

वेळ जात नव्हता म्हणून मधमाशांचं उघडलं. अजून शिवलेलं नव्हतं, दुमडलेल्या पानांचे सुटे फर्मे. राणीमाशी म्हणजे इतरांसारखीच एक अळी! फक्त तिला वेगळं खाऊ घालतात, म्हणून ती राणी होते. दुपारचं जेवण विसरलो.

९ नोव्हेंबर

पक्ष्यांचं पुस्तक. चातक सुरवंट खातो. सुरवंट! केसाळ!

तीस वर्षं मी पोरांकडून घोकून घेतलं की तो आभाळाच्या थेंबाशिवाय कशाला चोच लावत नाही. म्हणताना माझे डोळे भरायचे. पोरं माझ्याकडे बघून गप्प व्हायची.

घरी येऊन बायकोला, गुणाला, सांगितलं. ती विळ्याला धार लावत होती.

"मंग? तुमचा पक्षी लबाड निंगाला?"

"पक्षी नाही, कविता."

"कवितेले काऊन दोष देता? तुमी कधी झाडावर पाह्यलं का त्याले?"

नव्हतं पाहिलं.

१३ नोव्हेंबर

आज पूल. कमानीतला प्रत्येक दगड खाली यायला बघतो, आणि दोन्ही बाजूंनी दोघं त्याला अडवून धरतात. म्हणून कोणीच पडत नाही. ही कविता नाही तर काय!

१७ नोव्हेंबर, रविवार

दोन आठवडे झाले, रोज जातो. नूर म्हणतो, "गुरुजी, तुमाले दुकानाची किल्लीच देऊन टाकतो." शिवायच्या आधी प्रत्येक फर्मा माझ्या हाताखालून जातो. तारे, नांगर, मीठ, घोड्याचे आजार. आणि मनात सारखं येतं — ह्यांत माझंही एक असतं.

ते सगळं इथे एकदा लिहूनच ठेवतो.

एकतीस सालचा पावसाळा. वामनराव उमाळकर म्हणून एक गृहस्थ धानाची नावं जमवत हिंडत होते. उमा नदी भरली आणि ते तीन आठवडे आमच्या घरी अडकले. तेव्हा माझी वही चालू होती. गुणा अंगणात बियाण्याचं धान निवडायची आणि बोलत राहायची. लुचई कशी, दुबराज कसा, साठीच्या भाताला भुईचा वास येतो, बाळंतिणीला कोणत्या धानाची पेज द्यायची. मी शेजारी बसून उतरवायचो. सव्वीस धानं. शेवटी सगळ्यांची एक कविता केली. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात — रचणार: मुखरू मास्तर.

उमाळकरांनी वही वाचायला नेली. महिन्यानं कार्ड आलं: 'नदी उतरताना होडी कलंडली, वही वाहून गेली, क्षमा असावी.'

मी रागावलो नाही. उलट मला ते फार सुंदर वाटलं. उमेतून वैनगंगा, तिथून गोदावरी, मग समुद्र. माझी वही समुद्राला मिळाली! पोरांना सांगायचो. कधी एकटा असलो की स्वतःलाही सांगायचो.

२३ नोव्हेंबर



दुसऱ्या पेटीच्या तळाला वाळवी लागलेलं एक पातळ पुस्तक. धानाच्या जातींवर. छापलं अडतीस साली. वर नाव — वामनराव उमाळकर.

पान बाराला साठी. 'शिजल्यावर भुईचा वास येतो.' पान चौदा: 'जिचे पोर सुकले तिने या धानाची पेज प्यावी.' शब्द तेच! ओळीमागून ओळ तीच! होडी कलंडली म्हणे! वही कुठेही वाहिली नाही. माझ्या घरून निघाली ती थेट ह्याच्या टेबलावर गेली.

नूर सरेस ढवळायचं थांबला. "काय झालं, गुरुजी?"

मी पुस्तक पोटाशी धरून तसाच घरी आलो.

२४ नोव्हेंबर

रात्रभर एकच विचार: तो म्हणेल, ही सगळ्या मुलखाची माहिती, कोणीही सांगितली असेल. मग मी काय दाखवू?

आणि सकाळी सापडलं! पान एकतीस. 

'गुणाकाळी. दाणा काळसर. कमी पाण्यातही उभी राहते. वास दुरून येतो. हट्टी जात. सिंदेवाहीकडेच आढळते.'

असं धानच नाही! पृथ्वीवर कुठे नाही! कवितेच्या शेवटच्या ओळीत चार अक्षरं कमी पडत होती, म्हणून मी गुणाच्या नावानं ते रचलं, आणि तिची गंमत म्हणून वहीत खाली गुणही लिहिले. त्यानं ते खरं समजून छापलं! आता कुठे पळेल?

गुणाला वाचून दाखवलं. हसेल असं वाटलं होतं.

"म्हंजे मी धान झाली?"

"अगं, तुझं नाव छापून आलंय!"

"थे तर तुमी बनवलं. अन् बाकीचे सव्वीस कोनाचे म्हनते थो?"

"स्वतःचे म्हणतो! माझे सव्वीसच्या सव्वीस ढापले त्यानं!"

ती सूप घेऊन बाहेर गेली. तिलाही धक्का बसलेला दिसतो. त्याला तीन आठवडे तिनंच रांधून घातलं होतं. माशाचं कालवण त्याला फार आवडायचं.

२५ नोव्हेंबर

पत्र लिहिलं. चार कागद फाडले, पाचवा जमला. छापखान्याचा पत्ता पुस्तकात आहे, ते पुढे पोचवतील. इथे उतरवून ठेवतो:

'तीन आठवडे आपण माझ्या घरचं जेवलात. माझ्याजवळ जे होतं ते मी हातचं न राखता दिलं. ते आपण कागदावर घेतलंत आणि वर आपलं नाव घातलंत. माझं नाव पानोपान शोधलं, कुठेच नाही. मागितलं असतंत तर सगळंच आपलं होतं. पण एकदा विचारायला नको होतं? आपल्याला मी आपलं माणूस समजत होतो. उत्तराची वाट पाहतो.'

उत्तरासाठी आत एक तिकीटही घातलं. तिकीट नव्हतं ही सबब नको.

गुणाला वाचून दाखवलं. ती सूप खाली ठेवून ऐकत होती.

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. 'नको होतं?' ह्या जागी तिनं पदर डोळ्याला लावला. किती दिवसांनी माझं काहीतरी तिच्या काळजाला भिडलं!

"लय बरोबर लिहलं तुमी," ती म्हणाली. "एक शबुद जास्ती नाई का कमी नाई."

"तुला पटलं ना?"

"पटलं. कधीचंच." मग हात पुढे केला. "द्या इकडं. मी बाजारात जाऊन राह्यली. नूरकडून पत्ता घालून पेटीत टाकते."

हीच माझी बायको! अडतीस वर्षांचा संसार! अशा वेळी कोण उभं राहतं ते कळतं.

२८ नोव्हेंबर

दुकानात गेलो. नूर आज नेहमीसारखा बोलला नाही. "गुरुजी, चाय घ्या," एवढंच. पत्र गेलं का विचारलं तर म्हणाला, "गेलं. बाईनं समोर बसून करून घेतलं सारं."

घड्याळ दुरुस्तीचं पुस्तक उघडलं. एक ओळ डोक्यात शिरली नाही.

३० नोव्हेंबर

उत्तर नाही. लबाड माणूस उत्तर देणारच नाही.

१ डिसेंबर, रविवार

गुणा दोन दिवस कमी बोलते. भाताबरोबर चटणीच. विचारलं तर म्हणते, "धानाची मळणी पडली आहे, येळ नाई." उशिरा पिकणारं भारी धान अजून खळ्यावर आहे, खरं आहे. पण तिनं तिकडून माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेत मी चुकलेल्या पोराकडे पाहायचो — तो स्वतःहून सांगतो का बघत.

काय सांगायचं मी?

३ डिसेंबर

पोचू पोस्टमन पाकीट देऊन गेला. घाईघाईनं फोडलं.

माझंच पत्र. शब्दाला शब्द. अक्षर नूरचं, मीच वळवलेलं. बदल दोनच: 'तीन आठवडे'च्या जागी 'अडतीस वर्षं', आणि वर मायना — श्री. मुखरू मास्तर यांस. खाली सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा.

अंगणात सुपाचा आवाज चालू आहे. थांबत नाही.

आत उत्तरासाठीचं तिकीटही आहे. मीच घातलेलं.