चढलेला गांधार

तीर्थरूप मधुराताईस,

संकठा घाटावरून मुकुलचा नमस्कार. नागपूरच्या थंडीत तुझे गुडघे कसे वागताहेत? आमच्याकडे सूर्य आठवडाभर रजेवर आहे आणि घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, बाकी क्षेम.

ईशानी नोकरीसाठी रविवारी बंगळूरला निघणार. त्याआधी आईने एकदा आपल्या पियानोसोबत गावं, एवढीच लेकीची इच्छा. पण आमच्या कस्तुरीचा कान तानपुऱ्यावर पोसलेला. पियानोचा गांधार तिला कायम चढा लागतो. अशात पियानो लावणारे गृहस्थ कोलकात्याहून आले. चुडा-मटर, म्हणजे इकडचे मटार घातलेले पोहे, खाताखाता त्यांनी विचारलं, नेहमीसारखा लावू की जुन्या पद्धतीने? नेहमीच्या पद्धतीत म्हणे सगळेच सूर थोडेथोडे खोटे, म्हणून कुठल्याही पट्टीत चालून जातं. जुन्या पद्धतीत एखादी पट्टी तानपुऱ्यासारखी गोड लागते, आणि लांबच्या पट्ट्या कुत्र्यासारख्या केकाटतात. मायलेकी बाजारात गेल्या होत्या. मी (रेल्वेत जन्मभर साहेबांच्या सहीची वाट पाहिलेला माणूस) प्रथमच स्वतःच्या अधिकारात सांगून टाकलं, कस्तुरीच्या काळी चारच्या पट्टीला जुन्या पद्धतीने लावा.

संध्याकाळी कस्तुरी गायला बसली. दोन ओळी झाल्या आणि ईशानीचा हात थांबला. "आई, तुझा ग चढ़ रहा है," ती म्हणाली. ताई, कस्तुरीला हे आजवर कुणी म्हटलेलं नाही. मग उलगडा झाला. जन्मात पेटीला न शिवलेली कस्तुरी गेले काही आठवडे शेजारच्या शरदिनीबाईंकडे जाऊन, पेटीवर (तिचेही सूर पियानोसारखेच थोडेथोडे खोटे), आपला गांधार लेकीच्या पियानोइतका चढवायला शिकत होती. गुपचूप. तो एकदाचा चढला, आणि मी पियानोचा उतरवून घेतला. आता जुना गांधार गळ्यात परत येत नाही म्हणते. तानपुऱ्याला खोळ घातली आहे. ईशानीकडे पियानो शिकणारे विद्यार्थी बाकीच्या पट्ट्यांचं ते केकाटणं ऐकून येईनासे झालेत, आणि ते गृहस्थ पुढच्या महिन्याशिवाय फिरकायचे नाहीत. मला फार वाईट वाटतं गं.

तुझा,
मुकुल

ता. क. खरं काम हे, की शनिवारी फोन करून दोघींना एकत्र ऐकायचा हट्ट धर. तुला नाही म्हणायची दोघींचीही छाती नाही. फोनवर सूर नीट कळत नाहीत, हे आधीच सांगून ठेव.

आणखी एक, कुणाजवळ बोलू नकोस. पियानो लावण्याआधीचा आणि नंतरचा फरक मला अजून ऐकू आलेला नाही. ज्या दोन ओळींवर कस्तुरी थांबली, त्याही मला सुंदरच वाटल्या होत्या.