खिळ्यावरचं बटण

३ मार्च, सोमवार
गाडी गेली! म्हणजे चोरीला नाही — कामातून. सकाळी चावी फिरवली आणि बॉनेटखाली डब्यात खिळे घालून हलवावेत तशी खडखड. महिनाभर होतीच, पण दोन-तीन सेकंदांत थांबायची. आज थांबेचना. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्याने कान लावला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "टायमिंग चेनचा टेन्शनर झिजलाय, ताई. चेन ढिली पडलीय. अजिबात चालवू नका. एक-दोन दात जरी सरकली तर इंजिन खलास."

मग समजावून सांगितलं बिचाऱ्याने. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचा भाग एका तालात फिरवणारी साखळी ती चेन. आणि तिला ताणून धरणारा अंगठ्याएवढा तुकडा तो टेन्शनर. एवढ्याशा तुकड्यापायी! करून दे म्हटलं. "तीन आठवड्यांनी नंबर लागेल."

लेकीची बाळंतपणाची तारीख वीस आहे.

४ मार्च, मंगळवार
मागच्या वर्षी तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. जावई बोटीवर, मी इथे. तिच्या गावाला डोंगरापलीकडे दिवसातून एकच बस, तीही सकाळची. नवऱ्याच्या मागे त्याची गाडी दारात झाकून ठेवलेली, आणि मला चालवता येत नव्हती. पोहोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आई, सगळं झालं गं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. लोक हसले, हसू देत. तिला शब्द दिलाय — फोन आला की दोन तासांत तुझ्याजवळ. जावई याही वेळी बोटीवरच. तिला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय, मला रजा मोजून आठ दिवस, आणि भाड्याच्या गाडीवाल्यांना घाट म्हटलं की ताप येतो. आज तिघांना विचारून झालं.

५ मार्च, बुधवार
जेवताना नाना म्हणाले, "आपणच बदलू."

मी हसले. वाईट हसले, आता वाटतं. नाना म्हणजे माझे सासरे. वय एक्क्याऐंशी. हात इतके थरथरतात की अर्धा चहा बशीत. मुलगा गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, दिवसाला दहा शब्द बोलतात. त्यातले दोन भाजीतल्या मिठाबद्दल! पण आयुष्य बसगाड्यांच्या वर्कशॉपात गेलेलं. नवरा छाती फुगवून सांगायचा — बाबांनी चाळीस वर्षं इंजिनं उघडलीत.

"हात कुणाचे?" मी विचारलं.
"तुझे. मी सांगतो, तू कर."

माझे हात! चष्म्याच्या दुकानात काचा बसवते मी. माझे स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे. पण अडला हरी... जाऊ दे. ती म्हण पूर्ण लिहीत नाही, घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल आहे.

६ मार्च, गुरुवार
टेन्शनर आणला. दुकानदार म्हणाला, "बाई, मेकॅनिकला पाठवा." म्हटलं, "मीच ती." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. बाहेर आल्यावर माझंही झालं असावं.

७ मार्च, शुक्रवार
आज गाडीला हातच लावू दिला नाही! शेडच्या भिंतीवर फळी ठोकून घेतली, फळीवर खिळे. एकेका खिळ्यावर एकेक हत्यार. मग माझ्या शिवणाच्या डब्यातली शर्टाची बटणं दोऱ्यात ओवायला लावली. हत्यार उचललं की त्याच्या रिकाम्या खिळ्यावर बटण. परत ठेवलं की बटण काढून खिशात. काम संपताना फळीवर एकही बटण दिसता कामा नये.

"नाना, आपण दोघंच आहोत. चोर कोण?"
"विसरणं," म्हणाले.

मनात म्हटलं, झालं. इंजिन राहिलं बाजूला, बालवाडी सुरू. पण एक सांगते — डोळे मिटून बोटांनी हत्यारं ओळखत होते. "ही बाराची गोटी. ही दहाची." गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारी लोखंडी टोपी. थरथरत्या हातात धरून एकही चुकले नाहीत.

८ मार्च, शनिवार
ऑइल काढलं. पट्टा काढला. अंगावर ऑइल, केसांत ऑइल. मी म्हटलं आता पुढचं? "आजचं एवढंच. इंजिनाला घाई चालत नाही."

९ मार्च, रविवार
अख्खा रविवार हाताशी, आणि काम एकच — खालच्या मोठ्या चाकाचा बोल्ट. ढिम्म हलेना! पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून अंगाचा भार टाकला तेव्हा कड्कन सुटला आणि मी बसकण मारली. नाना हसले. चार वर्षांनी आवाज काढून हसले. मला राग यायला हवा होता, पण कुठला येतोय.

मग विचारलं, पुढे काय? "उद्या सांगतो." आत्ता सांगितलं तर जीभ झिजते का? ज्ञान असं चमच्याने का वाढतात लोक? वीस तारीख काय यांच्यासाठी थांबणार आहे?

१० मार्च, सोमवार
वरचं झाकण उघडलं. चेन दिसली पहिल्यांदा. तेलात न्हालेली, सुरेख. अंगठ्याने दाबली तर लोंबते आहे बापडी.

दुपारी दुकानातून घरी फोन लावला तर अर्धा तास एंगेज. नानांना या वयात कोण मित्र फुटला?

११ मार्च, मंगळवार
फोन सकाळपासून बंद. नाना कावलेले. "आज काम नको." फोनचा आणि इंजिनाचा काय संबंध, विचारलं. "मन लागत नाही," म्हणे! मी भांडी आपटली. नऊ दिवस राहिले.

१२ मार्च, बुधवार
फोन आला, मनही लागलं! पुढचं मोठं कव्हर काढलं. बोल्टांची डोकी सारखी, लांबी कमीजास्त, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचले. ही युक्ती माझी. नाना म्हणाले, "छान." लग्नाला तीस वर्षं झाली, पहिलं 'छान'. तारीख लिहून ठेवते आहेच.

१३ मार्च, गुरुवार
खालच्या-वरच्या चाकांच्या खुणा जुळवल्या. चेनवर खूण करायला लेकीची इथे राहिलेली लाल नेलपॉलिश. मग जुना टेन्शनर काढला. आतला दांडा झिजून एका बाजूला गुळगुळीत, दाबला की आत जातो आणि तिथेच बसतो. नानांनी तो तळव्यावर घेतला. हात हलत होता, तर तोही हलत होता. "दमला," म्हणाले, आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मला एकदम भरून आलं. हा माणूस रोज संध्याकाळी माझ्यासाठी स्टुलावर दोन-दोन तास बसतो. पाठ दुखते त्यांची, मला माहीत आहे. बोलत नाहीत. मीही कुठे बोलले? "आभारी आहे नाना" म्हणायला तोंड उघडलं आणि "स्वेटर घाला" म्हणून बसले.

१५ मार्च, शनिवार
आज दोन कामं एका दिवसात करू दिली! मीच मागे लागले. नवीन टेन्शनर दहाच्या दोन बोल्टांनी बसवला. त्याचा दांडा पिनेने आत दाबून धरलेला असतो. पिन ओढली — टक्! चेन ताठ. काय तो आवाज! इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं, खुणा पुन्हा बरोबर जुळल्या. ऑइल गळू नये म्हणून कव्हरला पेस्ट लावून बाराचे सगळे बोल्ट आवळले. हात पुसले.

नाना फळीकडे बघत होते. एका खिळ्यावर बटण. दहाची गोटी.

असेल इथेच, म्हटलं. नव्हती. शेड झाडली, खिसे उलटे केले, गाडीखाली आडवी झाले. नाही.

"कव्हर काढ."

माझा तोलच गेला. "तुम्हाला काय जातंय सांगायला! बोटं माझी सोलली आहेत! एका गोटीसाठी? नवीन आणते!" ते म्हणाले, "हत्यार परत आलं नाही तर गाडी दारातून बाहेर जात नाही." एवढंच. मी दार आपटून आत आले. जेवायला वाढलं आणि उठून गेले.

१६ मार्च, रविवार
सकाळी उठून कव्हर काढलं. रागानेच काढलं.

गोटी आत होती. खालच्या दातेरी चाकाला खेटून, चेनच्या अगदी वाटेत. पिनेच्या आनंदात तिथल्या कडेवर ठेवलेली, हाताने फिरवून झाल्यावर घसरलेली. चावी फिरवली असती तर पहिल्याच फटक्यात सगळं संपलं असतं. गाडी, वीस तारीख, शब्द — सगळं.

मांडी घालून तिथेच रडले. नानांचे पाय धरले. "चुकलं माझं." ते म्हणाले, "आधी गोटी जागेवर लाव."

लावली. बटण काढलं. पेस्ट खरवडून नवी लावली, पुन्हा सगळे बोल्ट. या वेळी फळी मीच तीनदा पाहिली.

१७ मार्च, सोमवार
खालचं चाक, वरचं झाकण, पट्टा परत चढवून ऑइल भरलं. चावी नानांच्या हातात दिली. त्यांना भोकात घालता येईना, म्हणून त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. फिरवली.

खडखड नाही! नुसतं मऊ गुरगुरणं. जीव भांड्यात पडला. नाना बॉनेटवर तळवा टेकून उभे राहिले, इंजिन बंद केल्यावरही.

१९ मार्च, बुधवार — दवाखान्यात, बाकावर बसून
काल दुपारी एकला फोन. "आई, निघ." नानांना पुढच्या सीटवर बसवलं, कारण राहायला तयारच होईनात. अख्खा घाट कान इंजिनाकडे. पावणेतीनला पोहोचले. दोन तास म्हटलं होतं, पंधरा मिनिटं शिल्लक!

लेकीने हात धरला तो सोडलाच नाही. बोटांची कातडी गेलेली बघून म्हणाली, "हे काय गं?" म्हटलं, तुझ्याकडे यायचा रस्ता जरा खडबडीत होता. पाच वीसला मुलगी झाली. रडली, खणखणीत! या वेळी भिंतीकडे कुणाचं तोंड नव्हतं.

कुणाकुणाचे आभार मानू? गॅरेजवाल्याचे, त्याच्या लांबलेल्या रांगेचे, बटणांचे. आणि नानांचे. ते नातीची मुलगी मांडीवर घ्यायला घाबरत होते. मी खाली उशी दिली. हात थरथरत होते, ती मजेत झोपली.

२७ मार्च, गुरुवार
काल परतलो. आज दुपारी फोन वाजला. खरखरीत, म्हातारा आवाज. "काय हो, झाली का गाडी सुरू? मी नानांच्या वर्कशॉपातला जुना फोरमन. रोज दुपारी फोन करून पुढची एकेक पायरी विचारायचे. हाताने लिहिता येत नाही, म्हणून दहा-दहा वेळा माझ्याकडून म्हणवून घेऊन पाठ करायचे. मी म्हटलं, अहो, तुम्ही चाळीस वर्षं हत्यारखोलीच्या खिडकीत बसून पाने दिलेत आणि मोजून परत घेतलेत, इंजिनाला बोट लावलं नाहीत कधी. आता कुठे हा उद्योग? तर म्हणाले, सूनबाईला लेकीकडे जायचंय."

फोन ठेवला. नाना खुर्चीतून म्हणाले, "कुणाचा?"

"राँग नंबर."

"मग एवढा वेळ?"

"इथे गॅरेज आहे का विचारत होता कुणी. म्हटलं, गॅरेज नाही. पण आमच्याकडे घरचा मेकॅनिक आहे."