घर, टेबल आणि दोघींचा अर्ज

मी, शाळेतली निवृत्त सेविका, वय वर्षे अडुसष्ट, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांना विचारत नाही. मला अक्षरओळख नाही. म्हणून लेक लिहीत आहे आणि सून प्रत्येक कलम मोठ्याने वाचून दाखवत आहे. वकील म्हणाले, "आजी, वारसांच्या हातून लिहवून घेऊ नका." मी म्हटलं, "दोन महिने दोघींचं बोलणं बंद आहे. एकमेकींची चूक सोडणार आहेत का? याहून पक्का बंदोबस्त तुमच्याकडे असेल तर सांगा."

कलम १. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला. आरामखुर्ची मुलाला, बायको आणि बहीण भांडत असताना तो तिच्यातच डोळे मिटून असतो. माझा झाडू आमच्या जुन्या मुख्याध्यापकांना. "बाई, तुम्ही केर काढा, शिकवायचं आम्ही बघतो," असं ते मला भरल्या वर्गात म्हणाले होते. आता त्यांनी काढावा.

कलम २. केर काढतानाच माझ्या लक्षात आलं, की पाटीवर गणित चुकणारी पोरं तेच गणित मला तोंडी बरोबर समजावून सांगतात. मी घरी बोलले. सून त्याच शाळेत शिक्षिका. लेक विद्यापीठात, मुलं कशी शिकतात यावर संशोधन करते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघी सहा वर्षं या कामाला जुंपलेल्या होत्या. आता या कामाला सरकारी सन्मान मिळायची वेळ आली. त्याचा नियम असा: एक संशोधक, एक शिक्षक, अर्ज जोडीनेच करायचा आणि जोडीदाराने काय केलं ते लिहायचं. लेकीने लिहिलं, "वर्ग उपलब्ध करून दिला." सुनेने लिहिलं, "ताईंनी नोंदी टाइप केल्या." झालं! तेव्हापासून एकाच ओट्यापाशी उभ्या राहून,

"आई, वहिनीला सांग, चहा झालाय."

"आई, ताईंना सांगा, दिसतोय मला."

मी काय टपालखातं आहे?

कलम ३. त्यांनी लिहिलं नाही ते मी सांगते. अगं, हात थांबवू नकोस, लिही. सुनेने नुसता वर्ग दिला नाही. लेकीची प्रश्नावली पोरांना कळेना, तेव्हा ती फाडून हिने "आजीला शिकवा" असा तास सुरू केला. मला बाकावर बसवलं, पोरांना गुरुजी केलं. संशोधनाचा प्रश्नच हिने बदलला.

("आई, इतकं सगळं लिहायचं?" हो. इतकंच लिहायचं होतं.)

आता सूनबाई, हे तू वाच. लेकीने नुसतं टाइप केलं नाही. छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन सहा वर्षं बसली. एक पोरगं बोलतच नाही म्हणून तू सोडून दिलं होतंस. त्याचं पुटपुटणं रेकॉर्डरवर चार-चारदा ऐकवून हिने दाखवलं, की ते बरोबर सांगतंय, घाई तुझी आहे. तेव्हा तू वर्गात थांबायला शिकलीस.

(शेवटचं वाक्य सुनेने गिळलं. पुन्हा वाचायला लावलं.)

कलम ४. घर आणि टेबल दोघींचं मिळून. वाटणी नाही, मध्ये भिंत नाही. अर्जात माझं नाव घालू नये. ते नीट लिहिलंय का, हे बघायला मला पुन्हा तुम्हालाच हाका माराव्या लागतील.

कलम ५. अर्जाची मुदत आज संपते. कलम तीन त्यात उतरवून दोघींच्या सह्या झाल्याशिवाय मी इथे अंगठा करणार नाही. मग घरासाठी खुशाल कोर्टात जा.

दुरुस्ती. कलम तीनचं पान पुन्हा वाचून घेतलं, तर समासात "वहिनी नसती तर माझी प्रश्नावली कपाटातच राहिली असती" अशी ओळ निघाली. मी ती सांगितलेली नाही. वाचता वाचता सून थांबली आणि म्हणाली, "ताई, प्रश्नावली मी नाही फाडली. पोरांनी विमानं केली. मी फक्त अडवलं नाही." हे ती सरळ तिला म्हणाली, मला नाही. ओळ खोडू नये. विमानंही अर्जात घालावीत.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर. २. शेजारचे शिंपी, दुकान बंद ठेवून तासभर खोळंबलेले.

ठिकाण: राहतं घर. शुक्रवार, सतरा तारीख, दुपारी चार.

निशाणी: डाव्या हाताचा अंगठा. अर्जावरच्या सह्या मोजून केला. दोन आहेत.